डोमाजीची कबुली

गोविंदा,

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली की शेवटी टाळणं हीच सवय झाली. आधी म्हणायचो, नोकरी संपू दे. नोकरी संपली. मग वाटलं, मोठे साहेब अजून हयात आहेत, त्यांच्या घरच्यांना उगाच त्रास नको. साहेब गेले. मग तू आजारी पडलास आणि मला आयतं कारण मिळालं, दुखण्यातल्या माणसासमोर जुनं कशाला उकरायचं. आता पुढे करायला कारण उरलेलं नाही, आणि ऐकायला तूही नाहीस. तरी तुझ्याशीच बोलतो, पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून लिहून. दुसऱ्या कुणाकडे बघून हे बोलायची मला अजूनही हिंमत होत नाही.

खरं तर तुझ्या तेरवीला कारध्याला आलो तेव्हाच उभं राहून बोलायला हवं होतं. अंगणात पंगत बसली होती. माझ्या शेजारी आपल्या ऑफिसातला एक जुना माणूस बसला. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. वाढणारा पुढे सरकल्यावर तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "गोविंदा माणूस लाखाचा होता. पण डोमाजीची नोकरी त्यानंच घालवली, हे काही खोटं नाही. साहेबाकडून काही भेटलंच असंन त्याले."

मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. पत्रावळीवरचा भात कालवत राहिलो. सुमनवहिनी भाजीचं पातेलं घेऊन आमच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी मला वाढलं, "आणखी घ्या भाऊजी" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तू जाऊन तेरा दिवस झाले होते आणि तुझ्याच अंगणात, तुझंच अन्न जेवत, मी पुन्हा एकदा गप्प बसलो होतो.

हे वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आपलं काम काय होतं ते माहीत नसणार. मी नागपुरात वकिलीची परीक्षा पास झालो आणि कोर्टात उभं राहण्याऐवजी सरकारी नोकरीत शिरलो. आणीबाणीच्या थोडं आधी भंडाऱ्याला आलो. खात्यातल्या कुणावर गैरवर्तणुकीचा आरोप आला की त्याचं दोषारोपपत्र तयार करायचं, साक्षीदार उभे करायचे आणि चौकशीत सरकारच्या बाजूने बोलायचं, हे माझं काम. समोर तो कर्मचारी. त्याला बाहेरचा वकील करता येत नसे, पण खात्यातला एखादा सहकारी त्याच्या वतीने बोलू शकत असे. त्याला बचाव सहायक म्हणत. चौकीदार असो, ड्रायव्हर असो, जिल्ह्यातल्या सगळ्या गरीब नोकरांचा बचाव सहायक तू. दिवसभर आवक-जावकच्या टेबलावर टपाल चढवायचास आणि सुनावणी असली की धुतलेला पांढरा सदरा घालून माझ्यासमोर येऊन बसायचास. खात्याचं नाव मी घेत नाही. आज तिथे बसणाऱ्यांचा यात काही दोष नाही.

नियम तुला कधी धड पाठ झाले नाहीत. एक नियम सांगायचास आणि आकडा दुसऱ्याचा. मी टोकलं की म्हणायचास, "नियम तं तुमाले येते ना, मंग मी कायले पाठ करू?" चौकशीच्या खोलीत तुझ्यासाठी मी 'तुम्ही', एसटीत बसलो की 'तू'. आणि दोन्हीकडे 'सरकार'. कारण मी प्रत्येक वाक्य 'सरकारचं म्हणणं असं आहे' असं सुरू करायचो. "सरकार, डबा उघड. सरकारचं म्हणणं भूक लागली असं दिसून राहिलं," हे तुझं ठरलेलं वाक्य. मग बसमध्ये मांडीवर डबे उघडायचे. तुझ्या डब्यात तांदळाची भाकर आणि वाळल्या झिंग्यांची चटणी, माझ्या डब्यात पोळी आणि बटाटा. बटाटा तू कधी खाल्ला नाहीस, आणि माझी पोळी घरी परत कधी गेली नाही, कारण ती तू पोरांसाठी बांधून न्यायचास. समोरासमोर भांडून आलेली दोन माणसं अशी एका बाकावर जेवायची, तेव्हा कंडक्टरलाही मौज वाटायची.

शेळीची चौकशी तुला आठवत असेल. विश्रामगृहाच्या चौकीदाराने थंडीत आपली गाभण शेळी साहेबांच्या खोलीत बांधली होती. साहेबांच्या शिपायाने साक्ष दिली. तू उठलास.

"शेळी पलंगावर निजली होती का उभी होती?"

"उभी होती."

"साहेबाची उशी खाल्ली?"

"नाही."

"मंग सरकारचं नुकसान काय झालं ते मले कोणी सांगंल काय? खोलीचं भाडं शेळीनं भरावं असं म्हणणं आहे काय?"

चौकशी अधिकारी निवृत्त तहसीलदार होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. चौकीदार ताकिदीवर सुटला. परत येताना मी चिडलो होतो. "ही काय तमाशाची जागा आहे?" तू खिडकीबाहेर पानाची पिंक टाकलीस आणि म्हणालास, "त्याची शेळी व्याली सरकार. दोन पिल्लं झाली. तुले सांगाचं राहिलं."

असे आपण वर्षानुवर्षं फिरलो. आणि एक वाद आपण कधी संपवला नाही. तुझं म्हणणं, चौकशी म्हणजे काय झालं ते शोधायचं. माझं म्हणणं, चौकशी म्हणजे प्रकरण निकाली काढायचं. त्यातूनच माझी पद्धत आली. सुनावणीच्या आधी बाहेर झाडाखाली तू आणि मी बोलायचं. कर्मचाऱ्याने आरोप मान्य करायचा, साक्षीदार लागायचे नाहीत, आणि मी शिक्षा ठरवणाऱ्या आपल्या मोठ्या साहेबांकडून ती हलकी करून आणायची. एखादी वेतनवाढ थांबायची, नोकरी राहायची. बाहेर ठरायचं आणि आत लिहिलं जायचं. कुठल्या नियमात हे नव्हतं, पण सगळे जिल्हे असेच चालायचे.

सुरुवातीला तू अडून बसायचास. "न केलेलं माणसानं काहून कबूल करावं?"

"नोकरी राहते म्हणून."

"अन् गावात तोंड कसं दाखवावं?"

"गाव विसरतं, गोविंदा."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी कधी गाव पाहिलंच नाही. पण एकदोन प्रकरणं तशी सुटली. एका ड्रायव्हरची नोकरी वाचली, एका झाडणाऱ्या बाईची वाचली. मग तूही मानलंस. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. कबुलीचा रस्ता तू काढलेला नव्हता. तुझं मन वळवायला मला बराच काळ लागला होता.

आता डोमाजी.

लाखांदूरकडे, दिघोरीच्या पलीकडे एका खेड्यात आपल्या खात्याचा तलाव होता. डोमाजी तिथला पाटकरी. तलावाचं दार उघडायचं, बंद करायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी जाईल ते बघायचं. त्या साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो आलाच नाही. धान निसवायला, लोंब्या धरायला आलेला आणि बांध्यांना भेगा. पाण्याचा क्रम ठरलेला होता, आधी शेवटच्या गावाला, मग जवळच्यांना. एका दुपारी त्या भागाचे इंजिनिअर साहेब जीप घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आले आणि डोमाजीला म्हणाले, या बाजूचं दार उघड. त्या बाजूला त्यांच्या सासरच्यांची शेती होती. डोमाजीने उघडलं. शेवटच्या गावचा धान उभ्याउभ्या वाळला. लोक ओरडले, तक्रारी गेल्या. साहेबांनी लिहून दिलं, मी असा कुठलाही आदेश दिला नाही. डोमाजी निलंबित झाला.

तू त्याचा बचाव सहायक झालास आणि पार तलावापर्यंत जाऊन आलास. परतलास तो सरळ माझ्या टेबलापाशी.

"सरकार, तुमची केस गेली. मासे धरणारे दोन भाऊ भेटले. जीप पाळीवर उभी होती तवा ते डोंग्यात होते. साहेबाचं बोलणं त्यायनं कानानं आयकलं. साक्ष द्याले तयार आहेत."

बचावाचे साक्षीदार कोण, हे सरकारी बाजूला आधीच सांगून टाकणारा बचाव सहायक तूच. मी तुला खाली बसवलं. म्हणालो, गोविंदा, साहेब नाकारणार. मग त्यांच्यावर वेगळी चौकशी, तिचा निकाल लागेपर्यंत डोमाजी घरी. त्याच्या घरात आताच बिड्या वळून चूल पेटते. त्यापेक्षा त्याला निष्काळजीपणा मान्य करू दे. एक वेतनवाढ जाईल, पुढच्या महिन्यात तो पुन्हा पाळीवर उभा असेल. मोठ्या साहेबांशी माझं बोलणं झालंय.

बोलणं खरंच झालं होतं. तेवढं खोटं नव्हतं.

तू काही दिवस माझ्याकडे फिरकला नाहीस. मग एका दुपारी टपाल द्यायला आलास आणि उभ्याउभ्याच म्हणालास, "डोमाजीले समजावतो. पण हे तुमच्या भरोशावर करून राहिलो. मोठा साहेब कोण, मी नाही ओळखत."

मी म्हणालो, माझ्यावर सोड.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि दार लोटायला सांगितलं.

"उद्या कबुली येणार ना?"

"येणार साहेब. म्हणजे एक वेतनवाढ..."

"वेतनवाढ नाही. बडतर्फी. वरून सांगून आलंय. त्या गावची माणसं मुंबईपर्यंत जाऊन आली. कुणाची तरी नोकरी गेलेली त्यांना दिसली पाहिजे."

"साहेब, मी त्यांना सांगून बसलोय."

"तुम्ही सांगितलंय. मी कुठे काय सांगितलं?" ते चिडले नव्हते. उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "कबुली हातात असली की अपिलातही काही होत नाही. तुमचं काम हलकंच झालं."

मी "बरं साहेब" म्हणालो आणि बाहेर आलो. तू व्हरांड्यातच होतास, सायकलचं कुलूप काढत होतास. "उद्या पहिल्या गाडीनं ना?" एवढंच विचारलंस. मी हो म्हणालो.

तेव्हाच का नाही सांगितलं, याचा विचार मी नंतर आयुष्यभर केला. बढतीसाठी गप्प बसलो असं लिहिलं तर ते सोपं होईल, आणि पुढे बढती मिळालीही. पण त्या क्षणी माझ्या मनात बढती नव्हती. मला तुझी लाज वाटली. इतकी वर्षं तुला दाखवत आलो होतो की साहेब माझं ऐकतात, माझ्या बोलण्याला वजन आहे. तसं काही नाही, मीही आवक-जावकचाच माणूस आहे, वरून आलेलं खाली द्यायचं, हे तुला कळू नये असं वाटलं. एवढ्यासाठी, गोविंदा. मग रात्री स्वतःला समजावलं की कबुली झाल्यावर साहेबांना पुन्हा भेटू, शिक्षा कमी करून घेऊ. आतून मला माहीत होतं की तसं होणार नाही.

सकाळी तू कारध्याच्या थांब्यावर चढलास. थंडीचे दिवस होते, मफलर गुंडाळलेला. डब्यात लाखोळीच्या पाल्याची भाजी होती आणि ती तू माझ्यासाठी जास्त आणली होतीस. रस्ताभर बोलत होतास. डोमाजीच्या पोरीचं लग्न जमलं आहे, बाप कामावर रुजू झाला की तारीख काढणार आहेत, पाहुणे तेवढ्यासाठी थांबले आहेत. "आपल्याले लग्नाले यावंच लागते सरकार, नाही म्हणाचं काम नाही." मी खिडकीबाहेर बघत भाकर चावत होतो. उतरायच्या आत सांगायला केवढा तरी वेळ होता. लाखांदूर आलं, गाडी बदलली, दिघोरी आलं.

थांब्यावर डोमाजी आणि त्याची बायको भागरता उभे होते. तिथून चौकशीच्या खोलीपर्यंत आपण चौघं चालत गेलो. दारापाशी डोमाजी थांबला.

"बाबू, साहेबानं सांगतल्याबिगर म्या दार उघडलंच नाही. मंग काहून म्हणू का माही चूक होय?"

"म्हणून टाक डोमाजी," तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. "एक वाढ जाईन. पुढच्या महिन्यात तू पाळीवर. या साहेबाचं बोलणं झालं आहे." मग माझ्याकडे वळलास. "हो का नाही? तुमीच सांगा त्याले."

डोमाजीने माझ्याकडे पाहिलं. भागरतानेही पाहिलं. तू तर हसतच होतास.

मी म्हणालो, "हो."

सगळं आयुष्य मी कागदांमध्ये घालवलं, पण माझं सर्वांत मोठं खोटं कुठल्या कागदावर नाही. ते त्या दाराबाहेर बोललेलं एवढंसं 'हो' आहे.

आत चौकशी अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? "नाही जी," डोमाजी म्हणाला आणि त्याने सही केली. बाहेर मोहाच्या झाडाखाली ते दोघे भाऊ धुतलेले कपडे घालून बसले होते. तू त्यांना सांगितलंस की आता तुमची गरज नाही. थोरला करवादला, "मंग बोलावलं काहून गा? आजचं जाळं गेलं ना आमचं." तू त्यांना चहा पाजलास. डोमाजीलाही पाजलास. भागरताने तुझ्या पाया पडायला हात पुढे केले तेव्हा तू दोन पावलं मागे सरलास, "अवं, मी काय केलं?" म्हणालास. मी थोडा दूर उभा राहिलो आणि घड्याळ बघितलं, गाडीची वेळ झाल्यासारखं.

बडतर्फीचा आदेश तुझ्याच टेबलावरून जावक झाला. क्रमांक तुलाच घालावा लागला. तो कागद घेऊन तू माझ्याकडे आलास. 

"सरकार, हे काय होय?"

"वरून झालं, गोविंदा. माझ्या हातात काही नव्हतं."

"एक वाढ म्हणले होते."

"म्हणाले होते. फिरले."

तू खुर्चीत बसलास, कागद माझ्या टेबलावर ठेवलास. मग म्हणालास, "माहं चुकलं. त्या दोघा भावायची साक्ष घ्याची होती. मी त्याले म्हणालो, म्हणून टाक." मला कधी कळलं, हे तू विचारलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, विचारायचं तुझ्या मनातच आलं नाही. आदेश पोचवायला टपाली होता, पण तू रजा टाकून स्वतः गेलास. तिथे काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. पोरीचं लग्न मोडलं एवढंच बोललास.

अपील केलं, ते फेटाळलं गेलं. आरोप मान्य असल्याने हस्तक्षेपाचं कारण दिसत नाही, असं उत्तर आलं. मोठे साहेब बरोबर बोलले होते.

मग ऑफिसात कुजबुज सुरू झाली. "गोविंदाकडे जाऊ नको, तो कबुली द्याले लावते." चहाच्या टपरीवर कुणीतरी तुझ्या तोंडावर विचारलं, "का गा गोविंदा, इंजिनिअर साहेबानं सायकल दिली का फटफटी?" सगळे हसले. मीही तिथे होतो. तू चहा अर्धा ठेवून उठलास. त्यानंतर तुझ्याकडे कुणी आलं नाही, आणि कुणी आलं असतं तरी तू गेला नसतास. पुढच्या सुनावण्यांना माझ्यासमोर कधी हा, कधी तो बसायचा. बसमध्ये मी एकटा जेवायचो. प्रकरणं भराभर निकाली निघायची, कारण समोर बोलणारंच कुणी नव्हतं.

मला वाटलं होतं तू माझ्याशीही बोलणं टाकशील. टाकलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. पण पुढच्याच पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला, कारध्याचा पूल पाण्याखाली गेला आणि इकडे भंडाऱ्यात माझी बायको विषमज्वराने अंथरुणाला खिळली. आमचे दोघांचेही नातेवाईक लांब. तू डोंग्यातून नदी ओलांडून आलास, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टॉवेलात बांधलेली पातेली. सुमनवहिनींनी तांदळाची पेज पाठवली होती. "नावाडी येत नव्हता. म्हटलं, सरकारी काम आहे," तू म्हणालास आणि खूप दिवसांनी हसलास. पाणी उतरेपर्यंत तू आमच्याच घरी राहिलास, माझ्या मुलाला आंघोळ घातलीस, डॉक्टरला सायकलवर बसवून आणलंस. ती बरी झाली. अजूनही म्हणते, गोविंदभाऊजी नसते तर मी वाचले नसते. तिलाही मी कधी सांगितलं नाही. ज्या माणसाला मी फसवलं होतं त्याच्या हातची पेज ती पीत होती, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होतो.

काही वर्षांनी डोमाजी गेला. शेवटपर्यंत बिड्या वळत होता. मातीला तू गेलास, मी गेलो नाही. दुसऱ्या संध्याकाळी तू मला कारध्याच्या पुलावर भेटलास. कठड्याला टेकून पाण्याकडे बघत सांगितलंस.

"मी अंगणात पाय ठेवला अन् भागरता म्हणाली, 'आता काय कबूल कराले आले बाबू?' कोणी मले बस म्हणलं नाही. मी उभाच होतो."

मी म्हणालो, "दुःखात माणूस काहीही बोलतं."

"नाही सरकार. बराबर बोलली ते. मीच त्याले म्हणालो होतो."

तेव्हा पुलावर आपण दोघंच होतो. मोठ्या साहेबांची बदली कधीच झाली होती, माझं काही वाकडं होणार नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर तुझ्या पाठीवरचं ते ओझं तिथेच उतरलं असतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, चल, अंधार पडतोय.

पुढे माझी नागपूरला बदली झाली, बढतीवर. तू त्याच टेबलावरून निवृत्त झालास. दर संक्रांतीला तुझ्याकडून नव्या तांदळाची पिशवी यायची. मी कधी परत पाठवली नाही. काय सांगून पाठवली असती?

म्हणून जे आज तुझ्याबद्दल बोलतात त्यांना स्पष्ट सांगतो. गोविंदाला कुणी काही दिलं नाही. सायकल नाही, फटफटी नाही, एक कप चहाही नाही. त्या प्रकरणात ज्याला मिळालं तो मी. डोमाजीची आणि भागरताची माफी मागायला मी कधी गेलोच नाही आणि आता तीही नाही. त्यांच्या मुलीचा पत्ता काढायचा प्रयत्न करतो आहे. सापडली तर हेच तिला तिच्या तोंडावर सांगेन. ती दारात उभं करील की नाही, हे तिने ठरवायचं.

शेवटचा आलो तेव्हा तू ओसरीत खाटेवर होतास. मी सांगायलाच आलो होतो, हे तुला माहीत नव्हतं. बसमध्ये वाक्यं घोकत आलो होतो. सुमनवहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात तूच म्हणालास, "सरकार, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या दिवशी दिघोरीले उतरलो तवा... तुले मालूम होतं काय?"

इतकी वर्षं तू हे पोटात ठेवलं होतंस तर. रागाने विचारलं नव्हतंस. एखाद्याने जाता जाता दार लागलं की नाही बघावं तसं विचारलंस. मी जे सांगायला आलो होतो तेच तू विचारत होतास. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही, गोविंदा."

तू डोळे मिटलेस. चेहरा सैल झाला. "मंग ठीक आहे," म्हणालास. "मंग आपण दोघंई फसलो. मी उगाच एवढी वर्षं..." आणि चाचपडत माझा हात धरलास. माझे डोळे भरलेले बघून तूच माझी समजूत घातलीस, "तू कायले रडून राहिला? तुहा काय दोष?"

वहिनी चहा घेऊन आल्या. मी तो प्यायलो.

घोकून आणलेलं तसंच माझ्यापाशी राहिलं. आता ते ऐकायला तू नाहीस, तरी इथे लिहितो. मला माहीत होतं, गोविंदा. आदल्या संध्याकाळी तू सायकलचं कुलूप काढत होतास तेव्हापासून माहीत होतं. डोमाजीला तू फसवलं नाहीस. तुम्हा दोघांनाही मी फसवलं, आणि तू मला विचारलंस तेव्हा पुन्हा फसवलं. मला माफ कर.